पाऊण तासाची करवली

माझा धंदा बोलण्याचा. साखरपुड्यापासून पतसंस्थेच्या वार्षिक सभेपर्यंत पुण्यात कुठेही निवेदक लागला की मला फोन येतो. वीज जावो, गायिकेचा घसा बसो, नवरदेव रुसो, मंचावर शांतता पसरू द्यायची नाही, हे माझं काम. दोन-तीन क्षण कुणी बोललं नाही की माझा उजवा हात आपोआप माइककडे जातो. बसस्टॉपवरही जातो. तिथे माइक नसतो, तेव्हा शेजारच्याची छत्री हातात येते.

महामारी आली आणि कार्यक्रम बंद पडले. दीड वर्ष मला श्रोता एकच होता, बायको. "आणि आता आपल्यासमोर सादर होत आहे, कालचीच आमटी!" असं म्हणत मी पातेल्यावरचं झाकण उचलायचो. पहिल्या महिन्यात ती हसली. पुढे तिने कानात वायरी घालायला सुरुवात केली. त्यामुळे २०२१च्या दिवाळीनंतर नेदरलँड्सला जायचं ठरलं, तेव्हा घरात आनंद नेमका कुणाला जास्त झाला, हे मी विचारलं नाही.

निमित्त होतं भाचीचं. सानिका ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. पाच वर्षं तिथल्या एका विद्यापीठात पीएचडी करत होती. प्रबंधाची जाहीर परीक्षा महामारीपायी दोनदा पुढे ढकलली गेली, तिसऱ्यांदा एकदाची ठरली. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, भावजी तिच्या दिमतीला. लशीचे दोन्ही डोस, पासपोर्ट आणि रिकामा वेळ या तिन्ही गोष्टी घराण्यात फक्त माझ्याकडे होत्या.

परत आल्यावर सगळे विचारतात, काय काय पाहिलंस? ट्यूलिप पाहिले नाहीत, मोसम नव्हता. पवनचक्की एक पाहिली, तीही बसच्या काचेवरच्या वाफेतून. मी पाहिली उंदराची एक पेशी. आणि तिच्यापायी माझ्यावर जो प्रसंग आला, तोच इथे सांगतो.

उइटहॉर्न

सानिका राहते ते उइटहॉर्न हे आम्स्टेल नदीकाठचं छोटं गाव. नदी रस्त्यापेक्षा वर आहे. म्हणजे आपण खाली चालतो आणि बोट आपल्या खांद्याच्या उंचीवरून जाते. कुणालाही त्याचं काही वाटत नाही. डोक्यावरून विमानं स्किपोल विमानतळाकडे उतरत असतात, त्याचंही नाही. घरांच्या दिवाणखान्यांना भिंतीएवढ्या काचा आणि पडदे सताड उघडे. आत एक आजोबा सूप पिताना दिसले. मी थांबून नमस्कार केला. सानिकाने मला बाहीला धरून पुढे ओढलं. "मामा, इथे पडदा उघडा ठेवतात, याचा अर्थ बघा असा नाही."

दुसऱ्या दिवशी तिने मला सायकल दिली. तिथल्या बऱ्याच सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पेडल उलटं फिरवायचं. हे तिने मला सांगितलं, पण मी नेमका बोलत होतो. परिणामी मी वळणावर सरळ गेलो आणि एका बाईंच्या कुंपणातल्या हिरवळीत स्थिरावलो. बाईंनी बाहेर येऊन आधी सायकलची चौकशी केली, मग माझी.

तिथून पुढे आम्ही चालतच नदीकाठच्या बाकावर गेलो. दुपारचं जेवण म्हणजे ब्रेडचे दोन तुकडे आणि मधे चीज. गरम काही नाही. मोठमोठे अधिकारीही दुपारी हेच खातात म्हणे. ज्या देशाने समुद्र मागे हटवला, त्याला दुपारी आमटीभात सुचू नये, याचं मला फार वाईट वाटलं. ते वाटणं विसरावं म्हणून मी विचारलं, "तू पाच वर्षं नक्की काय केलंस, ते मला समजेल असं सांग."

"लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आण," सानिका म्हणाली. "शुक्रपेशी तयार होण्याआधी पेशीतली गुणसूत्रं जोडीजोडीने समोरासमोर बसतात. एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. डोक्यापासून पायापर्यंत एकमेकांना चिकटून. मग वाढपी फिरतात आणि बघतात, सगळ्यांना जोडीदार मिळालाय ना."

"वाढपी कोण?"

"प्रथिनं. नावं सांगणार नाही. तू ती पुढच्या साखरपुड्यात वापरशील."

"बरं. ज्याला जोडीदार नाही त्याचं काय?"

"तो संशयित. इथे काहीतरी बिघडलंय, असं वाढपी समजतात. आता गंमत बघ. नराच्या पेशीत एक जोडी मुळातच विजोड असते. एक्स लांबलचक, वाय एवढुसा. दोघं फक्त टोकाला हात धरतात. बाकीचं अंग तसंच उघडं, जोडीदाराशिवाय."

"मग पंगतीतून उठवतात?"

"नाही उठवत. दोघांना एका शालीत गुंडाळून कोपऱ्यात बसवतात आणि बजावतात, आता तुम्ही बोलायचं नाही. जनुक बोलतं म्हणजे त्याच्यावरून पेशीचं काम चालतं. त्या काळात एक्स आणि वायवरची जवळजवळ सगळी जनुकं गप्प. उंदरात, माणसात, बहुतेक सस्तन प्राण्यांत."

"आणि नाही ऐकलं तर?"

"माझ्या उंदरांत तेच होतं. शाल घालणारं एक प्रथिन त्यांच्यात नाही. त्यामुळे एक्स आणि वाय बोलत राहतात, आणि पेशी मरते. उंदीर तसा धडधाकट असतो, खातो-पितो. पण शुक्रपेशी एकही नाही."

"नुसतं बोलल्यामुळे मरते?" मी विचारलं. मला हा प्रश्न जरा वैयक्तिक वाटत होता.

सानिकाने चीज खाणं थांबवलं. "तोच तर घोळ आहे, मामा. बोलल्यामुळे पेशी मरते, की मरायला लागलेली पेशी बरळते? ते दाखवणारा शेवटचा प्रयोग राहिला. पहिल्या लॉकडाऊनमध्ये प्रयोगशाळा बंद झाली आणि हुकूम आला, पिंजरे कमी करा. नरांना पिल्लं होत नाहीत, त्यामुळे हा वंश माद्यांकडूनच चालतो. थोड्या माद्या राखल्या. पण प्रयोगासाठी दोन वर्षं जुळवत आणलेली उंदरांची पिढी गेली."

मग तिने मला खरी अडचण सांगितली. परीक्षकांमध्ये मारियान नावाच्या एक प्राध्यापिका होत्या, शेजारच्या शहरातल्या. (तिथे गुरूंनाही नावानेच हाक मारतात. मला दोन दिवस तोंड उघडवेना.) मारियानकडे संशोधकाची एकच जागा रिकामी होती आणि उमेदवार दोघं. सानिकाची परीक्षा ऐकून त्या निर्णय घेणार होत्या. जागा मिळाली तर त्या माद्या मारियानच्या प्रयोगशाळेत जाणार आणि राहिलेला प्रयोग होणार. नाही मिळाली तर सानिका बहुधा पुण्याला परत.

"आणि माद्यांचं काय?"

तिने उरलेला ब्रेड बदकांना टाकला. "पदवी मिळेल रे. इथे त्या पायरीवर सहसा कुणाला नापास करत नाहीत. पण मारियान तोच प्रश्न विचारणार, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही."

संध्याकाळी तिने प्रबंध हातात दिला. तिथे प्रबंध चक्क पुस्तकासारखा छापतात, रंगीत मुखपृष्ठासकट. काळ्या पार्श्वभूमीवर गोल केंद्रक, त्यात लाल दोऱ्यांसारखी जोडीजोडीने बसलेली गुणसूत्रं, आणि कडेला एक हिरवा चमकता ठिपका. ती शाल. आत एक्स आणि वाय, गप्प. मी ते चित्र बराच वेळ बघितलं. मला त्या दोघांबद्दल सहानुभूती वाटली.

"पण पेशीला एक्सची गरज नसते का?" मी विचारलं.

"असते ना. म्हणून काही महत्त्वाच्या जनुकांच्या नकला दुसऱ्या गुणसूत्रांवर बसवलेल्या आहेत. एरवी त्या झोपलेल्या. एक्स गप्प झाला की त्या उठून त्याचं काम करतात."

"बदली नट!" मी ओरडलो.

"हो. आणि बदली नट कधीही लागू शकतो," सानिका म्हणाली. त्याच क्षणी फोन वाजला असता तर नाटकात शोभलं असतं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी वाजला.

नीउ-व्हेनेप, खिडकीखाली

तिथल्या परीक्षेत उमेदवाराबरोबर दोन सोबती उभे राहतात. त्यांना पॅरानिम्फ म्हणतात. काळे कपडे घालायचे, उमेदवाराच्या दोन बाजूंना उभं राहायचं आणि काही करायचं नाही. पूर्वी ते उमेदवाराचं रक्षण करायचे, असं कुणी सांगतं. लग्नात वराचे सोबती असत त्यांच्यावरून ही प्रथा आली, असंही सांगतात. मला ऐकताक्षणी कळलं. ही आपली करवली! वधूच्या मागे कऱ्यात दिवा घेऊन उभी राहते ती. तिलाही कुणी काही विचारत नाही.

सानिकाची एक करवली होती प्रयोगशाळेतली मैत्रीण लोटे. दुसरी होती गौरी. ही मूळची मुंबईची, नवऱ्याबरोबर आली आणि आता जवळच्याच नीउ-व्हेनेप गावात घरून डबे पुरवते. फोन तिचाच होता. घसा दुखत होता, चाचणी केली, पॉझिटिव्ह.

सभागृहात मोजक्याच माणसांना परवानगी होती आणि त्यांची नावं आधीच दिलेली. सानिकाने यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा यादी पाहिली, तिथे दुसरं कुणीतरी असेल या आशेने.

"मामा, काळा कोट आहे?"

मी बॅगेतून माझी जांभळी, सोनेरी वेलबुट्टीची शेरवानी काढली. तिच्यात मी शंभरेक लग्नं लावली आहेत. सानिकाने डोळे मिटले.

म्हणून मी बसने नीउ-व्हेनेपला गेलो. एकसारख्या विटांच्या घरांची सरळ रांग, प्रत्येकापुढे सायकल आणि हातभर बाग. गौरी वरच्या खिडकीत शाल पांघरून उभी होती. खाली सायकलच्या हँडलला हँगर अडकवलेला आणि त्यावर तिच्या नवऱ्याचा काळा बंद गळ्याचा कोट वाऱ्यात हात हलवत होता.

"सकाळपासून वाऱ्यावर टांगलाय, मामा!" ती वरून ओरडली. "महेशने तो लग्नानंतर घातलेलाच नाही. घालून बघा."

घातला. महेश हा बारीक माणूस असणार, किंवा लग्नाच्या वेळी उपाशी असणार. वरचं बटण लावल्यावर मला श्वास हप्त्याहप्त्याने घ्यावा लागत होता.

"बसतोय का?"

"बोलता येत नाहीये."

"मग अगदी मापाचा आहे!" गौरी हसली आणि तिला खोकला आला. तो थांबल्यावर ती वेगळ्या आवाजात म्हणाली, "मामा, एक सांगू? ती उत्तर देण्याआधी थांबते. खूप वेळ थांबते. मी सराव घेतलाय तिचा. तुम्हाला वाटेल, अडकली. काही करू नका."

"मी काय करणार?"

"सानिकाने मला तुमचे व्हिडिओ दाखवलेत," गौरी म्हणाली.

समोरच्या घरातून एक डच आजी हा सगळा संवाद शांतपणे ऐकत होत्या. मी निघालो तेव्हा त्यांनी कोटाकडे बघून अंगठा वर केला.

सभागृह

सभागृह जुनं होतं, उंच छताचं. भिंतींवर काळ्या झग्यातल्या प्राध्यापकांची तैलचित्रं. सगळे असे बघत होते की जणू माझं प्रमाणपत्र मागणार. खुर्च्या एकेक सोडून लावलेल्या. मधे एक कॅमेरा, कारण बाकीची मंडळी घरून बघणार होती. त्यात पुण्याहून ताई.

व्यवस्था बघणाऱ्या बाईंना तिथे पेडेल म्हणतात. हातात घुंगरांसारखी कडी लावलेली लांब काठी. थेट आपला चोपदार. त्यांनी आम्हा दोघी करवल्यांना जागा दाखवल्या. लोटे सानिकाच्या डावीकडे, मी उजवीकडे, मधे अंतर. हातात प्रबंधाची एकेक प्रत. "कुणी तुम्हाला प्रबंधातलं एखादं विधान वाचायला सांगितलं तरच बोलायचं," त्या म्हणाल्या. "सहसा सांगत नाहीत."

मग दार उघडलं. काठी खणखणली, आणि झगे, चपट्या टोप्या घातलेले परीक्षक एकामागून एक आत आले. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. मान्यवर मंचाकडे येताहेत! पस्तीस वर्षांची सवय. माझे हात प्रबंध बगलेत मारून कधी वर गेले, ते मला कळलं नाही. मी टाळी वाजवली.

एकच. दुसरी वाजवण्याआधी लक्षात आलं की दुसरं कुणीच वाजवत नाहीये. उंच छतामुळे ती बराच वेळ ऐकू येत राहिली. रांगेतल्या एका परीक्षक बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पांढरे केस, लाल चष्मा. सानिका ओठ न हलवता म्हणाली, "मारियान." लोटे छताकडे बघू लागली.

आधी सानिकाने सामान्य लोकांसाठी छोटं भाषण केलं. पंगत त्यात नव्हती, तिथे पंगत कुणाला माहीत? तिने सगळ्यांना टेबलाभोवती जोडीने नाचायला लावलं. मग प्रश्न सुरू झाले. पहिले दोन परीक्षक सभ्य होते. सानिका छान बोलत होती. कोट माझ्या बरगड्या मोजत होता. इथवर मला ही भूमिका सोपी वाटली.

तिसऱ्या उठल्या मारियान. त्यांनी प्रबंध उघडलासुद्धा नाही.

"तुम्ही म्हणता, तुमच्या उंदरांत एक्स आणि वाय गप्प होत नाहीत आणि पेशी मरतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, हे मला पटलं. पण एकीमुळे दुसरी घडते, हे तुम्हाला कसं माहीत?"

नदीकाठचाच प्रश्न. सानिकाने मान खाली घातली.

आणि सभागृह शांत झालं.

एक क्षण गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला माझा उजवा हात निघाला. सानिकाच्या समोर टेबलावर माइक होता, लवचिक मानेचा, माझ्यापासून फार तर हातभर. मला उत्तर येत नव्हतं, पण उत्तराची मला कधीच गरज पडलेली नाही. मी खोकू शकत होतो. चक्कर येऊन पडू शकत होतो, कोटामुळे ते खोटंही ठरलं नसतं. "लॉकडाऊनमध्ये या मुलीचे उंदीर गेले हो!" असं एक वाक्य, जरा आवाज कापरा करून, आणि मी ते सगळं सभागृह रडवलं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं. पहिला शब्दही ठरला होता.

कुणीतरी खुर्चीत हललं. मारियान वाट बघत होत्या.

माझा हात अर्ध्या वाटेवर होता तेव्हा मला माझ्या प्रतीचं मुखपृष्ठ दिसलं. लाल दोरे, आणि कडेला तो हिरवा ठिपका. मी हात मागे घेतला. दोन्ही हातांनी पुस्तक छातीशी धरलं आणि दात दातांवर ठेवून उभा राहिलो. मी अनेक मंचांवर उभा राहिलो आहे. इतकं कठीण काम मी कुठेच केलेलं नाही.

सानिकाने मान वर केली.

"माझ्या निष्कर्षांवरून ते सांगता येत नाही," ती म्हणाली. "दुसऱ्यांनी दुसऱ्या उंदरांत दाखवलंय, की वायवरचं एखादं जनुक नको तेव्हा बोललं, तरी पेशी मरायला तेवढं पुरतं. पण माझ्या उंदरांतही तेच कारण आहे, असा दावा मी करू शकत नाही. म्हणून प्रबंधात कुठेही मी 'यामुळे' लिहिलेलं नाही. तो प्रयोग राहिला. पण आज पुन्हा मांडला, तर मी आधी ठरवलं होतं तसा मांडणार नाही."

"का?" मारियान पुढे झुकल्या.

"मी शाल न मिळालेल्या पेशीत एकेक जनुक गप्प करून, पेशी वाचते का, ते बघणार होते. पण तिथे आधीच इतका गोंधळ असतो, की वाचली नाही तर काहीच कळणार नाही. त्यापेक्षा उलट करावं. निरोगी पेशी घ्यावी, सगळं जागेवर असलेली, आणि त्यात एकालाच बोलायला लावावं. मग ती मेली, तर कारण तेच."

मारियान काहीतरी विचारणार होत्या, तेवढ्यात दार उघडलं. पेडेल बाई सरळ मधोमध चालत आल्या, काठी जमिनीवर आपटली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "होरा एस्ट!" लॅटिनमध्ये, वेळ झाली. तिथे पाऊण तास संपला की असंच संपतं. कुणाचं वाक्य अर्धं असलं तरी ते अर्धंच राहतं. ही प्रथा मला पुण्यातल्या सगळ्या सत्कार समारंभांना लागू करावीशी वाटली. काठी मी स्वखर्चाने देईन.

बाहेर, पाण्याच्या कडेला

परीक्षक आत जाऊन आले. सानिकाला नळकांड्यात गुंडाळलेली पदवी मिळाली आणि आता सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण खात्री नव्हती.

मेजवानी आत करायला परवानगी नव्हती, म्हणून कालव्याच्या कडेला गारठ्यात कागदी पेल्यांतून कॉफी, आणि प्रत्येकी एक बिस्कीट. एकच. डबा लगेच बंद होतो. तिथली आणखी एक रीत अशी, की अभिनंदन फक्त यशस्वी माणसाचं करत नाहीत, त्याच्या नातेवाइकांचंही करतात. ओळखदेख नसलेली माणसं लांबून कोपर पुढे करून मला म्हणत होती, तुमच्या भाचीबद्दल तुमचं अभिनंदन. मी पहिल्यांदा संकोचलो. मग कोपर पुढे करून फिरायलाच लागलो.

मारियानही आल्या. "अभिनंदन. टाळी तुमचीच ना?"

"हो."

"तुम्ही काय काम करता?"

"बोलतो," मी म्हणालो.

त्यांनी लाल चष्म्यावरून मला खालीवर न्याहाळलं. "आज तसं वाटलं नाही." मग सानिकाकडे वळून त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. त्या देशात डायरी उघडल्याशिवाय प्रेमही व्यक्त करत नाहीत. पानं उलटत त्या म्हणाल्या, "त्या माद्या मला बघायच्या आहेत. सोमवारी सकाळी जमेल? आमच्याकडे किती पिंजरे लागतील, तेही सांग."

सानिका "हो" म्हणाली. या वेळी अजिबात न थांबता. त्या गेल्यावर तिने माझा दंड घट्ट धरला. "मामा, ते उलटं करायचं मला तिथेच सुचलं. मी थांबले होते ना, त्या वेळात." मी कोटाचं वरचं बटण काढलं आणि त्या दिवशीचा पहिला पूर्ण श्वास घेतला.

तेवढ्यात पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर ताई, पाय उशीवर, डोळे रडून लाल. लेकीला तिने हवेतच ओवाळलं, दृष्ट काढली, नातेवाइकांसकट सगळ्यांची नावं घेऊन आशीर्वाद दिले. मग म्हणाली, "जरा नंदूला दे."

मी फोन घेतला.

"नंदू, मी सगळं बघितलंय कॅमेऱ्यातून! त्या चष्मेवालीने विचारलं, पोरगी अडकली, सगळे टकामका बघतायत, आणि तू शेजारी मख्खासारखा उभा! अरे, माझ्या लग्नात भटजींना मंत्र आठवेना तर तू मधे पडलास. जन्मभर कुणाला बोलू दिलं नाहीस. आणि आज, नेमकं आज, माझ्या लेकीच्या वेळी तुझी दातखीळ बसली? एक शब्द बोलता आला नाही तुला?"

सानिका हसू दाबत फोन घ्यायला पुढे आली, आईला सगळं सांगायला. मी मान हलवून तिला थांबवलं.

"बोल ना!" ताई म्हणाली.

मी फोन नीट समोर धरला, तिला माझा पूर्ण चेहरा दिसेल असा, आणि गप्प बसलो.